भुऱ्याचे पाहुणे

आशालताबाईंनी सकाळी न्हाणीघराचं दार उघडलं तर आत दोन कुत्री बसली होती. बाई चुकून आपल्या खोलीत आल्या आहेत, असा भाव दोघांच्याही चेहऱ्यावर होता. त्यांनी दार तसंच लोटून घेतलं आणि मागच्या ओट्यावर आल्या. ओट्याच्या पायरीवर एक कुत्रा, तुळशीच्या मागे एक, आणि धुण्याच्या दगडावर आदल्याच दिवशी आलेली एक कुत्री, जिचं अजून नावही ठेवून झालं नव्हतं. या सगळ्यांच्या मधोमध श्रीकृष्णराव मोठ्या पातेल्यात भात कालवत होते.

"अहो," बाई म्हणाल्या, "मी अंघोळीला कुठे जावं असं तुमचं म्हणणं आहे?"

श्रीकृष्णराव कृषी खात्यातून निवृत्त झाले आणि जव्हारातल्या आपल्या घरीच राहिले. निवृत्त माणसाने समाजाच्या उपयोगी पडावं असं त्यांचं मत होतं. ते त्याने घराबाहेर पडून करावं असं आशालताबाईंचं मत होतं. पण घरामागे वडिलांच्या वेळचं भाताचं कोठार रिकामं पडलेलं, आणि पेपरात निराधार प्राण्यांबद्दल लेख आलेला. रावांनी कोठाराला रंग दिला, दारावर 'निराधार श्वान निवारा' अशी पाटी लावली आणि वाट बघत बसले. पहिल्या वर्षी दोन कुत्री आली. त्यांतलं एक शेजाऱ्यांचं होतं आणि फक्त जेवायला यायचं.

मग दिवाळी झाली आणि एकदम रीघ लागली. पोशेऱ्याहून, जामसरहून, पार वांगणीहून माणसं दोरीला कुत्रा बांधून यायची. कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवायची, त्याच्या कानात काहीतरी सांगायची, सोबत आणलेली नागलीची पिशवी ओट्यावर ठेवायची आणि मागे न बघता निघून जायची. जनावर टाकून देणाऱ्यांना सुनवायचं भाषण रावांनी तयार ठेवलं होतं, पण ती नागली बघून ते भाषणच विसरायचे. स्वतःच्या तोंडचा घास काढून देणगी देतात ही माणसं, असं ते बायकोला सांगायचे.

"एवढी माया आहे तर कुत्रा घरी का ठेवत नाहीत?" आशालताबाईंनी एकदा विचारलं. संपूर्ण प्रकरणात विचारण्यासारखा प्रश्न एवढा एकच होता. रावांनी तो बायकांचा प्रश्न म्हणून सोडून दिला.

न्हाणीघराच्या त्या सकाळी मात्र बाईंनी निर्वाणीचं सांगितलं. होळीच्या आत परसदार मोकळं झालं नाही तर त्या ठाण्याला शलाकाकडे, म्हणजे लेकीकडे, राहायला जाणार होत्या. किती दिवस, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि रावांना तेच जास्त झोंबलं.

त्यातून दत्तक मेळावा निघाला. चौकात मांडव उभा राहिला, ध्वनिक्षेपक आला, कुत्र्यांना अंघोळी घातल्या. रावांनी नियम कडक केले होते. कुत्रा नेणाऱ्याचं घर ते स्वतः जाऊन पाहणार, आणि नारळावर हात ठेवून 'याला मरेपर्यंत अंतर देणार नाही' अशी शपथ घ्यावी लागणार. दुपारपर्यंत एकही माणूस फिरकला नाही. शेवटी रावांनी माईक हातात घेतला आणि या मुक्या जिवांना जगात कुणी म्हणजे कुणीही नाही, हे असं काही सांगितलं की मोबाईलच्या दुकानातला नीलेश रडायलाच लागला. समोर त्याला एक कान फाटलेला, भुऱ्या रंगाचा कुत्रा दिसला. नीलेशने त्याच्या गळ्यात हात टाकले. एकाने रडून कुत्रा नेल्यावर दुसऱ्यांना कोरड्या डोळ्यांनी घरी जाणं अवघड झालं. खानावळ चालवणाऱ्या सपनाताईंनी एक काळा नेला, चहावाल्या गोरखने दोन नेले, बाकीची इतरांनी नेली, आणि होळीच्या आधी कोठार रिकामं झालं.

घरं पाहण्यात रावांनी कसूर केली नाही. नीलेशकडे तर त्यांनी गच्चीचं दार लागतं का इथपासून पलंगाखाली हवा खेळते का इथपर्यंत सगळं पाहिलं आणि मग चहा घेतला. त्या यशाच्या भरात त्यांनी शलाकालाही फोन केला. ठाण्यातल्या निवाऱ्यांत जनावरांना पाय ठेवायला जागा नाही आणि माझी स्वतःची मुलगी स्वस्थ बसते, असं ते बोलले. शलाका बापाच्याच वळणावर गेलेली. तिने एक डोळा नसलेला कुत्रा आणि दोन मांजरं आणली. आशालताबाईंनी त्या दिवशी सावकाश, गाणं म्हणत अंघोळ केली, आणि ठाण्याच्या बातमीकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

मे महिन्याच्या अखेरीस एका सकाळी पोशेऱ्याचा भिका आणि त्याची बायको गौरा परसात येऊन उभी राहिली. गौराच्या डोक्यावर बोचकं होतं आणि दोघांच्या अंगावर विटांची लाल धूळ होती.

"साहेब, भुऱ्याला न्यावाला आलो," भिका म्हणाला.

"न्यायला म्हणजे कुठे?"

"म्हणजे घरी."

रावांनी दोघांना ओट्यावर बसवलं, आणि मग जे कळलं त्याने ते स्वतःच खाली बसले. दिवाळी झाली की सगळा पाडा भिवंडीकडे वीटभट्टीवर जातो. पोरं आश्रमशाळेत राहतात, कोंबड्या म्हाताऱ्या सासूकडे राहतात, पण कुत्र्याचं काही करता येत नाही. म्हातारीला तो आवरत नाही, आणि भट्टीवर शेठ येऊ देत नाही. दर वर्षी कुत्री ट्रकच्या मागे घाटापर्यंत धावत यायची. काही परत जायची, काही जायची नाहीत. गौरा म्हणाली, ट्रकमधून ते बघवत नसे. म्हणून मागच्या दिवाळीत, जव्हारला साहेबांनी कुत्र्यांची आश्रमशाळा काढली आहे असं कळल्यावर सगळ्या पाड्याला हायसं वाटलं. पोरांना सोडतात तसंच कुत्र्यांनाही सोडलं, आणि खाण्यापिण्याचा भार साहेबांवर नको म्हणून बरोबर नागली दिली.

"आता पाऊस येईल," गौरा म्हणाली. "पावसात रानमांजर निस्ता पाड्यातच असतो. भुऱ्या नाय तं कोंबडी नाय."

त्या कोंबड्या गौराच्या होत्या. शेत भिकाच्या बापाच्या नावावर, बैल दिराबरोबर निम्मे, भट्टीवरची उचल घरात येण्याआधीच खर्चाला लागलेली. घरात जे काही गौराचं स्वतःचं म्हणून होतं ते दोन पायांवर अंगणात फिरत होतं, आणि ते सांभाळायला भुऱ्या होता. म्हणून ती भट्टीवरून उतरून आधी इथे आली होती, घरी नंतर जाणार होती.

भुऱ्या जरा फिरायला गेलाय, असं श्रीकृष्णराव म्हणाले.

"मोबाईलच्या दुकानात," आशालताबाई आतून म्हणाल्या.

नीलेशच्या दुकानात भुऱ्याचं नाव आता ऑस्कर होतं. गळ्यात निळा पट्टा, खाली गादी आणि डोक्यावर पंखा. रावांनी सगळी हकिगत सांगून कुत्रा परत मागितला, तेव्हा नीलेश खुर्चीतून उठून कुत्र्याच्या पुढे उभा राहिला.

"काका, तुम्ही नारळावर हात ठेवायला लावलात. मरेपर्यंत म्हणालात. माईकवरून म्हणालात."

"अरे, पण तेव्हा त्याला कुणी नव्हतं."

"आता मी आहे," नीलेश म्हणाला.

राव यावर काही बोलणार तोच गौरा दुकानाच्या पायरीवर आली. तिने हाका मारल्या नाहीत की काही नाही. नुसतं "चल रं" म्हणाली. गादीवरचा कुत्रा उठला आणि काउंटरवरून सरळ पायरीवर आला. मोबाईलच्या कव्हरांचा स्टँड, चार्जरची बरणी आणि नीलेशचा चहा हे सगळं त्याच्या मागोमाग आलं. त्याने गौराच्या खांद्यावर दोन्ही पाय टाकले आणि तिचं तोंड चाटायला लागला. गौराने त्याला धरून ठेवलं आणि ती रडली. तिचं बघून नीलेशला पुन्हा रडू आलं. यात खोटं कुणाचंच नव्हतं, आणि त्यामुळेच रावांना फार वाईट वाटलं.

बराच वेळ गेल्यावर नीलेशने नाक पुसलं आणि कव्हरं गोळा करता करता म्हणाला, "घेऊन जा. पण नियम तो नियम. मी घर पाहायला येणार. काकांनी माझा पलंगसुद्धा उचलून पाहिला होता."

"या की," भिका म्हणाला. "कधीबी या. घर काय पळून जात नाय."

रावांना ही तोड इतकी आवडली की त्यांनी ती गावभर चालवली. मूळ मालकाने कुत्रा न्यावा, दत्तक घेणाऱ्याने वाटेल तेव्हा जाऊन त्याला भेटावं. सपनाताईंनी आधी झाडू उचलला होता, पण भेटीचं ऐकून खाली ठेवला. त्यांचा काळा पोशेऱ्यालाच, भिकाच्या शेजारच्या रामीकडे जाणार होता. गोरखने दोन्ही कुत्री जामसरच्या मालकांना दिली आणि निघताना त्यांच्या गळ्यात पारले बिस्किटांचे पुडे बांधले. आठवड्याभरात सगळं निस्तरलं. दोन्ही बाजू खूश आहेत आणि आपण न्यायाधीश व्हायला हवं होतं, असं राव त्या रात्री जेवताना म्हणाले.

एक गोष्ट त्यांच्या लक्षात यायला हवी होती. डोंगरातल्या घरात पहिल्यांदा पाय ठेवणाऱ्या पाहुण्याला कोंबडी होते. यात विचारायचं नसतं, बोलायचं नसतं. पाहुणा अंगणात आला की घरातला एक माणूस पाणी घेऊन पुढे येतो आणि दुसरा मागच्या दाराने कोंबडी धरायला जातो. श्रीकृष्णरावांची निम्मी नोकरी याच पाड्यांवर आणि याच कोंबड्यांवर झाली होती. घरी हे सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी ते कधी सांगितलं नाही, आणि न सांगता सांगता बहुधा विसरलेही.

नीलेश पहिल्यांदा गेला तो पेरणी झाल्यावर. डोंगर हिरवे व्हायला लागले होते, ओहोळ वाहायला लागले होते. ऑस्करने, म्हणजे भुऱ्याने, पाड्याच्या तोंडाशी येऊन त्याचं स्वागत केलं. नीलेशने झोपडीचा कुड पाहिला, कुत्र्याची झोपायची जागा पाहिली, पलंग नसल्यामुळे पलंगाखालचं पाहणं राहिलं. घर पसंत पडलं. तोवर चुलीवर रस्सा उकळत होता. नागलीची भाकरी आणि गावठी कोंबडी खाऊन नीलेश जव्हारला परतला आणि ज्याच्या त्याच्याजवळ भुऱ्याच्या घराची तारीफ करत सुटला.

पुढच्या रविवारी तो बायकोला घेऊन गेला. नीलेशची ही दुसरी खेप, पण बायकोची पहिली होती. त्याच्या पुढच्या रविवारी मेहुणा आला, कारण त्याला कुत्र्यांची आवड होती. सपनाताई रामीकडे आपल्या काळ्याला भेटायला आल्या आणि रामीकडे जेवून, एवढं आलोच आहोत तर भुऱ्यालाही बघू म्हणून भिकाच्या अंगणात आल्या. गोरखचा जामसरशी संबंध होता, पोशेऱ्याशी नव्हता. पण तोही आला, कारण पोशेऱ्याचा रस्सा चांगला असतो असं त्याला नीलेशने सांगितलं होतं.

ही सगळी चांगली माणसं होती. "मावशी, आमच्यासाठी कापू नका हो," असं प्रत्येक जण पहिल्या घासाआधी म्हणायचा.

गौरा गुडघाभर चिखलात लावणीला वाकलेली असायची आणि बांधावरून मोटरसायकलचा आवाज यायचा. ती कंबर सरळ करून आधी किती डोकी आहेत ते बघायची, आणि मग त्यांतली नवी किती ते. पाहुण्याला येऊ नको म्हणता येत नाही. त्यात 'कधीबी या' हे भिकाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं. ती घरी येऊन चूल पेटवायची आणि नवऱ्याकडे बघायची नाही.

भुऱ्या मात्र आपलं काम चोख करत होता. रानमांजराची पाड्यात शिरायची छाती नव्हती. पण भिका कोंबडी धरायला वाकला की भुऱ्या त्याच्या चड्डीला मागून धरायचा. कोंबडी राखायची, एवढं त्याला लहानपणापासून शिकवलेलं, कुणापासून राखायची हे कुणी सांगितलं नव्हतं. एकदा तर तो भिकाला लोंबकळतच राहिला आणि भिका पाहुण्यांसमोर शेणात बसला. मग पाहुणे आले की गौराने भुऱ्याला मेढीच्या खांबाला बांधायला सुरुवात केली. तो बांधल्या जागेवरून ओरडत राहायचा आणि पाहुणे म्हणायचे, बघा, आपण आलो म्हणून किती आनंद झालाय त्याला.

आखाड अर्धा सरला. श्रावण लागायला अवकाश होता, आणि ही मंडळी श्रावण पाळतात की नाही हे विचारायची सोय नव्हती. सासू रोज संध्याकाळी डालगं झाकताना कोंबड्या मोजायची आणि सुनेकडे बघायची. शेवटच्या तीन राहिल्या, त्यांतली एक अंड्यांवर बसलेली, तेव्हा गौराने मनाशी काहीतरी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीकृष्णराव ओट्यावर पेपर वाचत होते. रिकाम्या परसात आशालताबाईंनी सदाफुली आणि गवती चहा लावला होता. डोक्यावर इरलं घेतलेली गौरा फाटकातून आत आली. तिच्या हातात दोरी होती आणि दोरीला भुऱ्या होता.

"साहेब, याला ठेवून घ्या."

राव चमकले. कुत्र्याने कुणाला चावलं का, कोंबडी पकडली का, असं त्यांनी विचारलं.

"त्याचं काय नाय. तो गुणाचा हाय." गौराने भुऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला. "पण त्याला पाहुणे लई येतात. सालभरात रानमांजरानं नेल्या नाय तेवढ्या कोंबड्या दीड महिन्यात गेल्या. कोंबड्या राखाव्या म्हणून मी याला नेला. आता कोंबड्या राहाव्या म्हणून याला परत आणलाय. नीलेशभाऊला भेटायचं असंल तं हितं भेटू द्या. त्याला बी जवळ पडंल."

"अगं पण रानमांजर?"

"रानमांजर एका येळला एक नेतो," गौरा म्हणाली. "आन सोबत मेव्हणा आणत नाय."

रावांना सगळं एकदम आठवलं. भाताच्या बियाण्याचे प्रयोग, पाड्यांवरच्या बैठका, आणि प्रत्येक बैठकीनंतर समोर आलेलं ताट. ओट्याच्या कडेला बसून ते भुऱ्याचा फाटका कान कुरवाळत राहिले, आणि त्यांना स्वतःची खरोखर लाज वाटली.

तेवढ्यात फाटक पुन्हा वाजलं. रामी होती, तिच्या दोरीला काळा. तिच्या मागून जामसरची दोन माणसं, बरोबर गोरखची दोन्ही कुत्री, अंगाने चांगली भरलेली. वांगणीचे वाटेत आहेत असं रामी म्हणाली. सगळ्यांचं गाऱ्हाणं तेच होतं आणि सगळ्यांच्या कोंबड्यांची गत तीच होती. थोड्या वेळात एक कुत्रा सदाफुलीत बसला, एक धुण्याच्या दगडावर गेला, आणि दोघांनी न्हाणीघराचं दार नाकाने उघडलं. प्रत्येकाला आता दोन-दोन घरं होती, दोन्ही घरांत त्यांच्यावर जीव टाकणारी माणसं होती, आणि राहायला सगळे निराधारांच्या निवाऱ्यात आले होते.

आशालताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून हे बघत होत्या. मग त्या आत गेल्या आणि कपड्यांची पिशवी भरून बाहेर आल्या.

"शलाकाकडे?" रावांनी घाबरत विचारलं.

"शलाकाकडे एका डोळ्याचा कुत्रा माझ्या पलंगावर झोपतो. तुमचीच कृपा." मग त्या गौराकडे वळल्या. "गौरा, तुझ्या घरी आता कुत्रा नाही ना?"

"नाय, बाय."

"आणि कुत्र्याला भेटायला येणारे?"

"आता कशाला येतील?"

"मग मी येते तुझ्याबरोबर. चार दिवस निवांत राहीन म्हणते. चालेल ना?"

गौराने बाईंच्या हातातली पिशवी बघितली. बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. बाई याआधी पोशेऱ्याला कधी आलेल्या नव्हत्या, हे तिला पक्कं ठाऊक होतं. घरी दोनच फिरत्या होत्या, तिसरी अंड्यांवर होती. नाही म्हणायची तिच्याकडे रीत नव्हती आणि हो म्हणायला जीभ वळत नव्हती. फाटकाशी उभ्या रामीने तिच्याकडे बघून तोंडाला पदर लावला.

शेवटी गौराने आयुष्यात कुठल्या पाहुण्याला विचारलं नव्हतं ते विचारलं.

"बाय, राग नका मानू. तुमी कोंबडी खाता?"

"छे गं," आशालताबाई म्हणाल्या. "आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही."

गौराने त्यांच्या हातातून पिशवी घेतली आणि आपल्या डोक्यावर ठेवली.

"मग चार दिस कशाला," ती म्हणाली, "लावणी होस्तवर राहा की."